अमेरिकी हायस्कुलात शेती शिकवण्याची उमेदवारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृषी पदवी घेऊन अमेरिकेत ‘अ‍ॅग्रिकल्चरल एज्युकेशन’ शिकायला येणाऱ्या, किंवा इथेच वाढून अ‍ॅग टीचर व्हायचं ठरवलेल्या मराठी मुलामुलींसाठी हे पान आहे. महाराष्ट्रातल्या बी.एड.च्या छात्राध्यापकांनाही ते परकं वाटणार नाही. पाठटाचण, निरीक्षण, आंतरवासिता हे सगळं त्यांच्या ओळखीचंच आहे, फक्त इथे वर्गाच्या मागच्या दाराबाहेर वेल्डिंगचं शेड आणि हरितगृह असतं. मी ही उमेदवारी मिडवेस्टमध्ये, मका-सोयाबीनच्या पट्ट्यात केली. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत, तेव्हा अटी आणि मुदती आपापल्या विद्यापीठाकडून तपासून घ्या.

ही उमेदवारी म्हणजे नेमकं काय?

कृषी शिक्षणाच्या पदवीतलं बहुधा शेवटचं सत्र. साधारण १० ते १६ आठवडे तुम्ही एका हायस्कुलात पूर्णवेळ असता. तिथला अनुभवी कृषी शिक्षक तुमचा मार्गदर्शक असतो आणि विद्यापीठाचे पर्यवेक्षक अधूनमधून येऊन तुमचे पाठ बघतात. सुरुवातीला मागे बसून निरीक्षण, मग एक तास, मग दोन, आणि मधले काही आठवडे सगळं वेळापत्रक तुमच्या अंगावर. शेवटी एकेक तास परत करायचा.

बी.एड.च्या सराव पाठांपेक्षा एक मोठा फरक आहे. आपल्याकडे विज्ञानाचा छात्राध्यापक विज्ञानच शिकवतो. इथला कृषी शिक्षक एकाच दिवशी नववीला शेतीची ओळख, दहावीला पशुविज्ञान, अकरावीला फुलशेती, दुपारी वेल्डिंग आणि शेवटच्या तासाला कृषी व्यवसाय शिकवतो. लहान शाळेत तो एकटाच असतो, त्यामुळे हे सगळं तुमच्याही वाट्याला येतं.

पगार मिळतो का?

बहुतेक ठिकाणी नाही. उलट त्या सत्राची फी भरायची, गावात राहायची सोय करायची आणि गाडीही लागते. शाळा विद्यापीठापासून दोन-तीन तास लांब असू शकते. याचा हिशेब आधीच्या वर्षी करून ठेवा. काही राज्यांत कृषी शिक्षकांच्या संघटना शिष्यवृत्त्या देतात, त्यांचे अर्ज वेळेवर भरा.

सगळे ‘तीन वर्तुळं’ म्हणतात, ती कोणती?

एक, वर्ग आणि प्रयोगशाळा. दोन, विद्यार्थ्याचा स्वतःचा प्रकल्प, ज्याला इथे सगळे एसएई म्हणतात. तीन, एफएफए ही विद्यार्थी संघटना. एकमेकांत गुंतलेली ही तीन वर्तुळं तुम्हाला प्रत्येक कृषी वर्गाच्या भिंतीवर दिसतील.

नवीन छात्राध्यापक पहिल्या वर्तुळातच अडकतो, कारण पर्यवेक्षक गुण तिथेच देतात असं त्याला वाटतं. माझं स्पष्ट मत आहे की या धंद्याचा गाभा दुसऱ्या वर्तुळात आहे. पोराने स्वतःचे पैसे, स्वतःचा वेळ आणि स्वतःची जोखीम एखाद्या कामात घातली की वर्गातलं खत, खाद्य, बाजारभाव त्याला आपलं वाटायला लागतं. ज्याचा प्रकल्प नाही, त्याच्यासाठी तोच धडा परीक्षेपुरता उरतो.

ही कल्पना आजची नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन इथल्या कृषी शाळेत रूफस स्टिमसन यांनी १९०८ पासून ‘घरचा प्रकल्प’ ही पद्धत रुजवली. मुलाने शाळेत जे शिकायचं ते घरच्या जमिनीवर, घरच्या जनावरांवर करून बघायचं आणि शिक्षकाने तिथे जाऊन ते तपासायचं. २३ फेब्रुवारी १९१७ रोजी अध्यक्ष विल्सन यांनी स्मिथ-ह्यूज कायद्यावर सही केली आणि हायस्कुलातल्या कृषी शिक्षणाला केंद्राचा पैसा मिळू लागला. त्या कायद्यातच अट होती, की शाळेच्या किंवा दुसऱ्या कुठल्या शेतावर वर्षातून किमान सहा महिने देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम झालंच पाहिजे. कायदे पुढे बदलले, पण घरी जाऊन मुलाचं काम बघणारा शिक्षक ही या विषयाची ओळख तशीच राहिली.

एसएईमध्ये मुलं काय करतात? सगळी शेतकऱ्यांचीच असतात का?

नाही. आता वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी एक गुंठाही जमीन नसते. कोणी मेंढ्या पाळतं, कोणी पशुवैद्याच्या दवाखान्यात शनिवारी काम करतं, कोणी गावातली लॉन कापायचा व्यवसाय चालवतं, कोणी शाळेच्या हरितगृहात खताच्या मात्रांचा प्रयोग करतं. स्वतःचा व्यवसाय, दुसऱ्याकडे नोकरी, संशोधन, शाळेतला उपक्रम, सेवाकार्य असे याचे मान्य प्रकार आहेत.

सगळ्यांना एक गोष्ट सक्तीची असते : नोंदवही. आता ती बहुतेक ठिकाणी ऑनलाइन भरतात. किती तास काम केलं, काय खर्च झाला, काय विकलं, वर्षअखेर हातात काय राहिलं.

२५ कोंबड्या पाळणाऱ्या मुलीचं उदाहरण घ्या. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण पाव पौंड खाद्य खाते. म्हणजे २५ कोंबड्यांना सव्वासहा पौंड, आणि ५० पौंडांची पिशवी आठ दिवसांत संपते. दिवसाला २० अंडी मिळाली तर एका डझनामागे पावणेचार पौंड खाद्य जातं. हे गणित तिच्याकडून तिच्याच पिशवीच्या पावतीवरून करून घ्या. अंडी ओळखीच्यांना काय भावाने द्यायची हे ती त्यानंतर स्वतःच ठरवते, आणि हिवाळ्यात दिवस लहान झाल्यावर अंडी का घटली हा प्रश्न घेऊन तुमच्याकडे येते. प्रकाशाचे तास आणि अंडी यांचा संबंध त्या दिवशी शिकवावा.

घरभेटीला गेल्यावर नक्की काय करायचं?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि विचारलाच पाहिजे.

आधी व्यवस्थेचं. भेट ठरवताना पालकांना वेळ कळवा आणि शाळेच्या कार्यालयात नोंद करा. सुरुवातीला मार्गदर्शक शिक्षकाबरोबरच जा. मुलाला एकट्याला भेटू नका, घरातलं मोठं माणूस हजर असलं पाहिजे. बूट धुतलेले हवेत. डुकरांच्या एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जाताना बुटांवरून रोग जातो, त्यामुळे पायांत प्लॅस्टिकची आवरणं घालायला सांगितलं तर मुकाट्याने घाला. कोंबड्यांच्या बाबतीत बर्ड फ्लूच्या काळात तर भेट पुढे ढकलणंच योग्य.

आता मूळ कामाचं. पोहोचल्या पोहोचल्या नोंदवही मागू नका. आधी जनावर बघा, वाफा बघा, यंत्र बघा. मुलाला दाखवू द्या. वर्गात मान खाली घालून बसणारा मुलगा आपल्या गोठ्यात उभा राहून वीस मिनिटं बोलतो. त्याला ‘हे असं का केलंस?’ असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. त्याच्या वडिलांनी मधेच उत्तर दिलं तर तेही नम्रपणे ऐका, मग प्रश्न परत मुलाकडे वळवा. शेवटी नोंदवही उघडा आणि जे डोळ्यांनी पाहिलं ते तिच्यात आहे का ते दोघांनी मिळून बघा. निघताना पुढच्या भेटीपर्यंत करायची एकच गोष्ट ठरवा. दहा सूचना दिल्या तर एकही होत नाही.

ज्यांनी महाराष्ट्रात बी.एस्सी. अ‍ॅग्री करताना रावे, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव, केलंय, त्यांना इथे मोठा फायदा होतो. कृषिदूत किंवा कृषिकन्या म्हणून गावात राहून तुम्ही शेतकऱ्याच्या ओट्यावर बसायला शिकलेले असता. त्याचं ऐकून घ्यायचं, मग बोलायचं, ही सवय लागलेली असते. फरक एवढाच की तिथे शेतकरी तुमचा शिक्षक होता, इथे शिकणारा चौदा वर्षांचा आहे आणि त्याची जबाबदारी तुमच्यावर आहे.

एफएफए हा शाळेनंतरचा क्लब आहे का?

क्लब म्हणू नका, मार्गदर्शक शिक्षक दुखावतील. एफएफए अभ्यासक्रमाचाच भाग मानली जाते आणि कृषी शिक्षक हाच तिचा सल्लागार असतो.

१९२८ साली कॅन्सस सिटीत १८ राज्यांतून आलेल्या ३३ मुलांनी ‘फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका’ स्थापन केली. १९६९ मध्ये मुलींना राष्ट्रीय पातळीवर सभासदत्व मिळालं. १९८८ मध्ये नाव ‘नॅशनल एफएफए ऑर्गनायझेशन’ असं केलं, कारण तोवर शेती म्हणजे फक्त नांगर धरणं राहिलं नव्हतं. आज सभासद १० लाखांच्या पुढे आहेत.

छात्राध्यापकाने तीन गोष्टी पहिल्याच आठवड्यात शिकून घ्याव्यात. निळं कॉर्डरॉय जाकीट, जे १९३३ पासून अधिकृत आहे. ते कधी घालायचं, कसं घालायचं याचे नियम आहेत आणि मुलं ते फार मनापासून पाळतात. दुसरी, सभेचा प्रारंभविधी : अध्यक्ष उगवत्या सूर्याच्या चिन्हापाशी, उपाध्यक्ष नांगरापाशी, सचिव मक्याच्या कणसापाशी, आणि सल्लागार म्हणून तुम्ही घुबडापाशी. आपल्या घरांत घुबडाचं नाव घेतलं तरी आजी कानावर हात ठेवायची, इथे ते शहाणपणाचं चिन्ह आहे. तुमच्या वाट्याची वाक्यं पाठ हवीत, कागदात बघून म्हणू नयेत. तिसरी, क्रीड, म्हणजे पाच परिच्छेदांची श्रद्धाप्रतिज्ञा. ती विस्कॉन्सिनच्या ई. एम. टिफनी यांनी लिहिली आणि १९३० साली संघटनेने स्वीकारली. नववीची मुलं ती पाठ करून स्पर्धेत म्हणतात. त्यांच्याबरोबर तुम्हीही पाठ करा, मुलांना ते आवडतं.

मुलांसाठीचं ४-एच हे दुसरं मंडळ वेगळं. ते विद्यापीठांच्या विस्तार विभागामार्फत गावोगावी चालतं आणि त्यात लहान मुलंही असतात. एकच मूल दोन्हींत असू शकतं. काउंटी फेअरला, म्हणजे तिथल्या जत्रेसारख्या कृषी प्रदर्शनाला, मात्र कोणती मेंढी कोणत्या नावाने दाखवायची याचे नियम कडक असतात.

तिथे गोऱ्या शेतकऱ्यांचंच राज्य असतं, मला स्वीकारतील का?

बहुतेक गावं मायेने वागतात. तरी हा प्रश्न खरा आहे आणि त्याला इतिहास आहे. वंशभेदाच्या काळात दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शाळांमधल्या मुलांची संघटना वेगळी होती. तिचं नाव न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका. व्हर्जिनियात १९२७ मध्ये तिची सुरुवात झाली आणि १९३५ साली टस्कीगी इथे ती राष्ट्रीय झाली. तिचं जाकीट काळं होतं, त्यावर सोनेरी अक्षरं. १९६५ मध्ये ती एफएफएत विलीन केली गेली. विलीनीकरणात निळं जाकीट राहिलं, काळं गेलं, आणि कृष्णवर्णीय मुलांना पदाधिकारी म्हणून मिळणारं व्यासपीठही बरंचसं गेलं. कृषी शिक्षणाच्या पुस्तकांत हे आता मोकळेपणाने शिकवलं जातं.

हे मी सांगते ते एवढ्यासाठी, की तुमच्या वर्गात एखादं स्पॅनिश बोलणाऱ्या मजुराचं मूल, एखादं सोमाली किंवा भारतीय मूल मागच्या बाकावर असेलच. त्याला एसएई कसली करायची हे कोणी नीट विचारलेलं नसतं. तुम्ही विचारा. घरच्या अंगणात मेथी-कोथिंबीर लावणं हाही रीतसर नोंदवता येणारा प्रकल्प आहे.

मला वेल्डिंग येत नाही. अडेल का?

अडेल, म्हणून आधी शिका. भारतातून कृषी पदवी घेतलेल्यांची ही सर्वांत कच्ची बाजू आहे. कृषी अभियांत्रिकीचे पेपर आपण दिलेले असतात, पण हातात होल्डर धरून सांधा मारलेला नसतो. इथल्या शाळांत मात्र ट्रेलर, गुरांचे गेट, चारा घालायच्या गव्हाणी मुलं स्वतः बनवतात, आणि वर्गात एक तरी मुलगा असतो जो घरी वडिलांबरोबर वर्षानुवर्षं वेल्डिंग करत आलाय. त्याच्यासमोर उभं राहायचंय.

उमेदवारीच्या आधीच्या उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजचा वेल्डिंगचा एखादा वर्ग करा. आर्क, मिग आणि ऑक्सि-अ‍ॅसिटिलीन या तिन्हींचा हात बसला पाहिजे. उत्तम वेल्डर होण्याची गरज नाही, पण चुकलेला सांधा बघून कारण सांगता यायला हवं : करंट कमी होता, हात घाईने चालला, की रॉड ओला होता. रॉडवरच्या आकड्यांचा अर्थ मुलं विचारतात. ६०१३ मधले पहिले दोन आकडे ताणशक्ती सांगतात, ६० म्हणजे प्रति चौरस इंच ६० हजार पौंड.

सुरक्षिततेत तडजोड नाही. बहुतेक शाळांत सुरक्षा परीक्षेत १०० टक्के गुण मिळाल्याशिवाय मूल यंत्राला हात लावत नाही. तो नियम तुमच्या काळात ढिला पडू देऊ नका, मूल कितीही हुशार असलं तरी. शेडमध्ये पाऊल टाकताच चष्मा, आणि पाहुणा आला तरी चष्मा. कपडे सुती हवेत, कारण पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. हेही लक्षात ठेवा की मुलं घरून जुने गॅल्व्हनाइज्ड पाइप आणतात. त्यांच्यावरचा जस्ताचा थर जळाला की निघणाऱ्या धुराने ताप, थंडी, मळमळ होते. थर काढल्याशिवाय आणि हवा खेळती असल्याशिवाय त्याला आर्क लावू द्यायचा नाही.

तो घरी शिकलेला मुलगा अडचणीचा नसतो. त्याला इतरांचे सांधे तपासायला द्या. पण त्याचीही परीक्षा घ्या, कारण घरी हेल्मेटशिवाय ‘फक्त एक टाका’ मारायची सवय बहुधा त्यालाच असते.

मी शाकाहारी आहे. गोमांसाचा विषय निघाला तर?

निघेलच. पशुविज्ञानात मांसाच्या प्रती, म्हणजे दर्जे, शिकवाव्या लागतात. अमेरिकी कृषी खात्याच्या प्राइम, चॉइस, सिलेक्ट या प्रती मांसातल्या चरबीच्या जाळीवर आणि जनावराच्या वयावर ठरतात. खच्चीकरण, मेंढीच्या कोकराचं शेपूट छाटणं हेही अभ्यासक्रमात असतं. शाळा ठरवताना मार्गदर्शक शिक्षकाशी मोकळं बोला. खाण्याची सक्ती कोणी करत नाही, मी कधी पाहिली नाही. पण विषय टाळता येणार नाही. मुलांच्या घरची भाकर त्यावर चालते, आणि तुमच्या चेहऱ्यावर नापसंती दिसली की ती मुलं तुमच्याशी बोलणं थांबवतात.

मुलं तुम्हाला भारताबद्दल विचारतील. खरं ते सांगा : महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, आणि म्हातारे बैल सांभाळण्याचा खर्च हा तिथल्या शेतकऱ्यासमोरचा खरा प्रश्न आहे. इथल्या अकरावीच्या मुलांनी यावर जी चर्चा केली, तितकी चांगली मी कॉलेजातही ऐकली नव्हती. त्यांना जनावराचा रोजचा खर्च माहीत असतो.

दुसरी बाजूही बघाल. फेअरमध्ये लिलाव झाला की ज्या मुलाने वर्षभर एक गोऱ्हा वाढवला, दोरीने चालायला शिकवला, धुतला, विंचरला, तो त्याच्या मानेत तोंड खुपसून रडतो. त्या वेळी उपदेश करायचा नसतो. जवळ उभं राहावं, त्याचं सामान आवरायला मदत करावी. आठवड्याभराने नोंदवहीत विक्रीची रक्कम त्याच्याबरोबर बसून लिहावी.

स्पर्धांची तयारी मला करून घ्यावी लागेल का?

हो, आणि त्यासाठी सकाळी शाळेआधीचा तास द्यावा लागतो. जनावर पारख, दुग्ध जनावरं, मृदा परीक्षण, फुलशेती, पीकशास्त्र, सभाशास्त्र अशा बऱ्याच स्पर्धा आहेत. सगळ्यांतलं सगळं येत नाही. एक-दोन घ्या आणि त्या नीट करा.

जनावर पारखीत चार जनावरांचा गट असतो, त्यांना पहिला ते चौथा असा क्रम लावायचा. क्रम २४ प्रकारे लावता येतो आणि पंचांच्या क्रमाशी जुळला तर ५० गुण. अवघड भाग पुढचा आहे. मुलाने पंचांसमोर उभं राहून, कागद न बघता, दोन मिनिटांत आपल्या क्रमाची कारणं सांगायची. पहिल्याला दुसऱ्याच्या वर का ठेवलं, आणि दुसऱ्यात तरीही काय चांगलं होतं. मला हा प्रकार फार मोलाचा वाटतो. आपला निर्णय उघडपणे मांडायचा आणि न निवडलेल्याचे गुणही मान्य करायचे, हे पंधरा वर्षांच्या पोरांना कुठल्या दुसऱ्या तासाला इतक्या रोखठोकपणे शिकवतात?

मृदा परीक्षणात मुलं खड्ड्यात उतरून माती ओली करतात, बोटांनी दाबून पोत सांगतात, रंगांच्या पुस्तकाशी रंग जुळवतात. दख्खनच्या काळ्या मातीवर शिकलेल्यांना एक सूचना : आयोवाची काळी माती आपल्या रेगूरसारखी दिसली तरी ती गवताळ प्रदेशाची माती आहे, उन्हाळ्यात तशी खोल भेगाळत नाही. आपल्या मातीची सख्खी बहीण टेक्सासच्या ब्लॅकलँड पट्ट्यात भेटते.

शरद सत्र घ्यावं की वसंत?

शरदात कापणी, मृदा परीक्षण आणि ऑक्टोबरअखेरीच्या सुमारास इंडियानापोलिसला भरणारं एफएफएचं राष्ट्रीय अधिवेशन. शिवाय वर्गाची घडी पहिल्या दिवसापासून कशी बसवतात ते बघायला मिळतं. वसंतात फेब्रुवारीतला एफएफए सप्ताह, कोकरं-वासरांचा हंगाम, बहुतेक स्पर्धा आणि मे महिन्यातली हरितगृहातल्या रोपांची विक्री. नोकरीच्या मुलाखतीही वसंतातच जास्त होतात.

मी शरद सुचवेन. वर्ग नवा असताना मुलं तुम्हालाही शिक्षक म्हणून लवकर मान्य करतात. जानेवारीत गेलात तर तुम्ही पाहुणे असता.

शाळा आणि मार्गदर्शक शिक्षक कसा निवडायचा?

सुंदर हरितगृह आणि ट्रॉफींचं कपाट बघून भुलू नका. मार्गदर्शकाला विचारा : तुम्ही वर्षात किती घरभेटी करता? प्रकल्प नसलेल्या मुलांचं काय करता? माझा पाठ फसला तर मधेच हातात घ्याल की तास संपल्यावर बोलाल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘तास संपल्यावर’ असं देणारा माणूस निवडा, अर्थात यंत्रशाळा सोडून. यंत्रशाळेत त्याने मधे पडलंच पाहिजे.

माझ्या इंग्रजी उच्चारांचं काय?

चार दिवसांत मुलांना सवय होते. खरी अडचण मापांची येते. इथे हेक्टर, क्विंटल, सेल्सिअस चालत नाही. मक्याचा बुशेल ५६ पौंडांचा, सोयाबीन आणि गव्हाचा ६०. एकरी २०० बुशेल मका म्हणजे साधारण ५० क्विंटल, हे डोक्यात पक्कं बसवा. शेतकरी बापाने फाटकापाशी उतारा सांगितला आणि तुम्ही मनात भागाकार करत राहिलात, की संवाद तिथेच तुटतो.

नावाचंही सांगते. मुलं ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणत नाहीत, मिस किंवा मिस्टर लावून आडनावाने हाक मारतात. आडनाव लांब असलं तरी स्वतःहून छोटं करू नका. फळ्यावर लिहा, दोनदा म्हणून घ्या. मुलांना येतं.

कायद्याच्या कोणत्या गोष्टी माहीत हव्यात?

विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी शाळेने ठरवलेली वैयक्तिक योजना, म्हणजे आयईपी, कायद्याने बंधनकारक असते. पहिल्या आठवड्यात मार्गदर्शकाकडून ती समजून घ्या. कृषी वर्गात अशी मुलं बरीच येतात आणि हाताच्या कामात फुलतात, पण वाचनाची परीक्षा तोंडी घ्यायची असं योजनेत असेल तर ती तोंडीच घ्यायची.

मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय आला तर तो कळवणं शिक्षकावर बंधनकारक आहे. घरभेटींमुळे कृषी शिक्षकाला इतरांपेक्षा जास्त दिसतं. ‘घरातली बाब’ म्हणून गप्प बसायचं नाही. कोणाला, कसं कळवायचं ते आधीच विचारून ठेवा.

व्हिसा आणि परवान्याचं काय?

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर उमेदवारी बिनपगारी असली तरी सत्र सुरू होण्याच्या बऱ्याच आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा आणि सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची, परवानगी लागते का ते लेखी विचारा. बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमी तपासणीला वेळ लागतो. शिक्षकाचा परवाना राज्य देतं. काही राज्यांत विषयाची प्रॅक्सिस परीक्षा असते, काहींत आणखी अटी. कृषी शिक्षकांची टंचाई बहुतेक राज्यांत आहे, पण म्हणून प्रत्येक शालेय जिल्हा (शाळा चालवणारी स्थानिक संस्था) व्हिसा प्रायोजित करेलच असं धरून चालू नका.

रोज किती तास जातात?

सकाळी सातपासून संध्याकाळी सहा धरा, स्पर्धेच्या दिवशी पहाटे चारलाही बस निघते. उन्हाळ्यातही बरेच कृषी शिक्षक करारावर असतात, कारण जनावरं आणि फेअर सुट्टी घेत नाहीत. रविवारचा अर्धा दिवस स्वतःसाठी राखून ठेवा आणि मार्गदर्शकाला तसं सांगा.

हे शिकून महाराष्ट्रात परतलं तर उपयोग होतो का?

इथल्यासारखं कृषी शिक्षकाचं पद तिथल्या सर्वसाधारण माध्यमिक शाळेत नाही. पण जमीन तयार आहे. १९३७ साली वर्ध्यात मांडलेल्या नयी तालीममध्ये शेती हा शिक्षणाचाच भाग होता. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य यांचं प्रत्यक्ष काम करतात आणि गावाला उपयोगी पडणाऱ्या वस्तू बनवतात. अशा शाळांमध्ये इथला अनुभव सरळ कामी येतो.

एरवीही जिल्हा परिषदेच्या शाळांत पोषण आहारासाठी परसबागा आहेत. बहुतेक ठिकाणी ती बाग सगळ्यांची असते, म्हणून पाणी घालणारे हात तेच ते चार. तिथे एक बदल करून बघा. प्रत्येक दोन मुलांना एक वाफा नावाने द्या, बियाण्याच्या पाकिटापासून तोडणीपर्यंतचा खर्च आणि वजन लिहायला एक वही द्या, आणि दर पंधरा दिवसांनी वाफ्यापाशीच उभं राहून ती वही तपासा. भाजी स्वयंपाकघरात गेली तरी बाजारभावाने तिची किंमत वहीत धरा. ज्यांच्या घरी शेत आहे त्यांना दुसऱ्या वर्षी घरच्या एका कोपऱ्यावर हेच करू द्या, आणि मग एखाद्या शनिवारी त्यांच्या वस्तीवर चालत जा.